पूर्वेच्या भिंतीतली चूल

तुमच्या गावात पांढर आहे का, आणि असली तर तिच्यावर आज काय बांधलंय?

सोमवारी सकाळी मी साइटवर पोहोचलो, तर पूर्वेची भिंत जागेवर नव्हती. तिथं फक्त कुदळीचे घाव होते.

पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. मातीची घरं पडतात, त्याच मातीवर पुढचे लोक घरं बांधतात, आणि शेकडो वर्षांत जमीनच वर येते. सातारा आणि सांगलीच्या मधल्या, कृष्णेकाठच्या एका शहरात अशी पांढर भर वस्तीत होती. सत्तरच्या दशकात तिच्यावर पाण्याची टाकी मंजूर झाली. शहराला पाणी हवं, हे मला मान्य होतं. टाकी चार पावलं पलीकडेही उभी राहील, हे मात्र कुणी मान्य केलं नाही. टाकीआधी खणून बघायला आम्हाला एक हंगाम मिळाला. मी तिथं ड्राफ्ट्समन होतो.

खणताना दोन खड्ड्यांमध्ये एक उभी भिंत मुद्दाम सोडतात. तिच्यात मातीचे थर दिसतात. सर्वांत खालचा सर्वांत जुना. त्या भिंतीचं मोजून काढलेलं चित्र म्हणजे सेक्शन. माती एकदा हलली की थरांचा क्रम पुन्हा सापडत नाही. मागं राहतो तो सेक्शन. तो काढणं माझं काम.

पूर्वेच्या भिंतीत, पुरुषभर खोलीवर, एक चूल होती. मातीची, अर्धी कापलेली, आत अजून राख. कुणीतरी ओल्या हातानं ती लिंपली होती. चार बोटांच्या खाचा स्पष्ट होत्या. शुक्रवारी मी त्यांत माझी बोटं ठेवून पाहिली. मावली नाहीत. तो हात लहान होता.

"सेक्शन काढलायस ना?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे आमचे साइट इन्चार्ज.

"नाही सर. शनिवारी काढणार होतो."

"मग शनिवारी कुठं होतास?"

शनिवार-रविवार मी सांगलीत होतो. बाजारात उभा राहून पत्रकं वाटत होतो. 'पांढर वाचवा.' मजकूर माझाच होता, चांगला जमला होता.

साहेब पोलिसात निघाले. मी त्यांना थांबवलं आणि सांडलेल्या मातीच्या मागानं गेलो. माग टेकाडाच्या पायथ्याशी दस्तगीरचाचांच्या घरी संपला. चाचा माळवदाचे कारागीर. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ते वर बसून नवी माती चोपत होते.

"चाचा, भिंत तुम्ही नेली?"

"व्हय, मीच. तुमच्या सायबानंच सांगितलं, माती न्या म्हणून."

"ढिगातली न्या म्हणाले होते."

"ढिगातली? ती चाळून चाळून पीठ केलंय तुमी. तिचं माळवद चाळणीगत गळंल. आवं, मुरल्याली माती लागती. माझा आजा हितनंच न्यायचा. तुमी कवा आलाय, दिवाळीला?"

"भिंतीत चूल होती, चाचा."

त्यांचा हात थांबला. "व्हती की. राख लागली, तवा वाईच थांबलो मी बी. पण राखंची माती पानी धरती. ती उकिरड्यावर टाकली."

उकिरड्यावर गेलो. सगळं ओलं, कालवलेलं. खाचा मिळाल्या नाहीत.

परत आलो तर चाचा खाली उतरले होते. "कागद हाय न्हवं? मग लिवा. वरनं दोन वीत भुसभुशीत. मग तांबूस, कडक, एक वीत. कुदळ वाजली तिथं. मग खापऱ्या, चांगल्या चार वीत. मग राख, चार बोटं."

त्यांनी हवेत वीत धरून अख्खी भिंत पुन्हा उभी केली. मी ती तुटक रेघांनी काढली. आमच्यात तुटक रेघ म्हणजे न पाहिलेली, अंदाजाची.

साहेबांनी कागद पाहिला आणि परत दिला. "कुदळीनं सांगितलेलं रिपोर्टात जात नाही."

"मग तक्रारही चाचांची नको, सर. माझी करा."

तक्रार झाली नाही. मला मेमो मिळाला. साहेबांचं चूक नव्हतं, हे मला आता कळतं. रिपोर्टात त्या जागी कोरा पट्टा आहे. टाकी उभी राहिली. मी त्या रस्त्यानं गेलो की तिच्या खांबांच्या बुडाशी बघतो. तो लहान हात नळाखाली हंडा लावणाऱ्या बायकांमध्ये शोधतो, आणि पुढं निघतो. तुटक रेघांचा कागद घरी ट्रंकेत आहे.

तुमच्याकडची पांढर अजून शिल्लक असेल, तर या रविवारी तिथं जा. माती जिथं कापलेली दिसेल तिथं उभे राहा. कागद, पेन्सिल आणि स्वतःची वीत पुरे. वरून खाली, दिसतं तसं काढून ठेवा. माती नेणारं कुणी भेटलं तर हाकलू नका, कुठली माती आणि का, ते विचारून लिहून घ्या. पत्रक त्यानंतर लिहा.