मधला कान

तारेवर दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणारा कसा गप्प बसतो, हे दमयंतीबाईंना कोणी शिकवायला नको. एके काळी त्या रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायचा नि कानावरचा हेडफोन काढायचा, हा नियम. पण पाळतो कोण! पूर्णगडच्या हौसाच्या नवऱ्याला मुंबईत क्षय झालाय, हे त्यांनी असंच ऐकलं नि जावेला सांगितलं. दोन दिवसांत गावभर बोभाटा! हौसाच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानंतर ती नवरा-बायको ट्रंक कॉलची तीनही मिनिटं नुसतं पावसाचंच बोलत. "पाऊस आहे?" "आहे." मधे कान आहे, हे दोघांनाही कळलं होतं.

हे पाप बाईंनी एकाच माणसाला सांगितलं, लेकाला, नितेशला.

नितेश आता परदेशात, वाळवंटात नोकरीला. तिथे बिटकॉइनला बंदी. सापडला तर सरळ तुरुंग. पण ऐकेल तर शपथ! त्याने बिटकॉइनचं एक यंत्र आपल्या खोलीत चालू ठेवलं नि दुसरं इथे मांडवीच्या घरात, टीव्हीशेजारी बसवलं. बिटकॉइनच्या जाळ्यातली जगभरची यंत्रं आपसात बोलतात. नितेशचं मात्र फक्त आईच्या यंत्राशी बोले, तेही कूटभाषेत.

"बाहेरच्याला काही म्हणता काही कळायचं नाही, आई."

"अरे मेल्या, मधे बसलेल्याचं काय? तुझ्याशी तो मी म्हणून बोलेल नि माझ्याशी तू म्हणून!"

त्यावरही उपाय होता. जोडणी झाली की दोन्ही पडद्यांवर एकच लांबलचक क्रमांक उमटे. मधे कोणी शिरला तर दोन्हीकडे वेगळा. रोज दुपारी जेवणं झाली की मायलेक तो क्रमांक फोनवर पडताळून पाहत.

त्या मंगळवारी नितेशने सुरुवात केली, "सात, तीन, नऊ, शून्य..."

बाईंच्या पडद्यावर चार, एक होतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला. चार, एक.

जुळत नाही म्हणून ओरडावं, तर फोनही कोण ऐकत असेल देव जाणे! ही दोघं सावध झाली असं त्याला कळलं, की आधी नितेशच्या दारात माणसं येतील. बरं, गप्प राहावं, तर पोर हातचं गेलंच. देवा रे, काय करू?

"आई, पुढचे तू सांग ना."

"सांगते रे. पाऊस आहे का तिकडे?"

वाळवंटात कसला आलाय पाऊस! हौसा आठव रे बाबा, हौसा आठव, असं त्या मनात घोकत राहिल्या.

"आहे, आई," नितेश म्हणाला. "खूप आहे. मी खिडक्या बंद करून निघतो."

"छत्री घे," त्या म्हणाल्या, पण फोन आधीच बंद झाला होता.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. नितेशचं यंत्र केव्हाच बंद झालं असणार. बाईंच्या पडद्यावर मात्र त्याच्या नावासमोरचा जोडणीचा हिरवा ठिपका तसाच होता. पलीकडे जो कोणी होता, तो गप्प बसून ऐकत होता.