उभ्याने खुरपणाऱ्या मंगलताई

मंगलताई कांद्याचं शेत उभ्याने खुरपायच्या. बाकीच्या बायका वाफ्यात उकिडव्या बसून गवत काढायच्या आणि या त्यांच्या मधोमध ताठ उभ्या. वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी खुरप्याला कमरेएवढा पाईप जोडून घेतला होता. त्या अवजाराने गवताबरोबर कांदेही उपटून यायचे. त्यांचे यजमान कुरकुरायचे, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मंगलताईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "निघू द्या कांदं. मी नाय खाली बसायची."

मी निरगुडसरच्या बाजूच्या एका शाळेत शिकवते. बदली होऊन आले तेव्हा त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात शाळेतून येताना बुटाची नाडी सुटली म्हणून उसाच्या कडेला वाकले, तर मागून आरोळी आली. "ओ बाई! उठा आधी! वाकलं का माणूस शेळीएवढं दिसतं!" मग दंडाने धरून त्यांनी मला बांधावरच्या दगडापाशी नेलं, माझा पाय वर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "हितं बांधा. पाय वर घ्यायचा, डोकं खाली न्यायचं नाय." आमची ओळख झाली ती अशी.

बिबट्याची भीती आमच्याकडे कुणाला नाही? जुन्नर-आंबेगावात माणसं उसाकडेने जाताना मोठ्याने बोलतात, मोबाईलवर गाणी लावतात, एकटं असलं तरी कुणी सोबत असल्यासारखी हाका मारतात. पण मंगलताईंच्या भीतीला नाव होतं. शालन, त्यांची धाकटी जाऊ. दोघी एकाच वाफ्यात पाठीला पाठ लावून खुरपत होत्या. मंगलताई पाण्याची कळशी आणायला उठल्या. वळून पाहिलं तर वाफ्यात नुसतं खुरपं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता. "मी उठले म्हणून ऱ्हायले. ती बसली व्हती म्हणून गेली. येवढाच फरक." भाकरी तव्यावर करपली, पण ती उलटायचं भान आम्हा दोघींनाही राहिलं नाही.

सुट्टीत डोंगर फिरायचा मला नाद आहे. मंगलताई माझ्याबरोबर आहुप्याच्या रानात दोन-तीनदा आल्या होत्या. चालायला माझ्याहून चिवट, फक्त सगळी वाट ओरडत काढायच्या. एकदा मी त्यांना मोबाईलवर लडाखातली हिवाळ्यात गोठणारी नदी दाखवली; त्या वर्षी मी तिच्यावरून चालायला जाणार होते. पांढरीशुभ्र वाट, दोन्ही बाजूंना उघडेबोडके कडे आणि बर्फावर मुंग्यांएवढी माणसं. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"हितं ऊस नाय?"

"ऊस कसला ताई, गवताची काडीसुद्धा नाही."

"झाडीझुडपं?"

"नाही."

"मंग मी येते," त्या म्हणाल्या. "एकदा मोकळं चालू द्या मला."

खोटं बोलणं जिवावर आलं म्हणून मी सांगून टाकलं, की तिकडेही बर्फातला बिबट्या असतो, पण तो माणसावर येत नाही. त्या फिसकन हसल्या. "आमच्यातलं जाणतं लोक बी आदी असंच म्हणायचं." तरीही आल्या. लेहला डॉक्टरांनी छाती, श्वास सगळं तपासलं, आणि बर्फावर चालायची परवानगी त्यांना माझ्याआधी मिळाली.

पहिल्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या की मला ओळखू येईनात. गमबुटातले पाय न उचलता घसटत चालायचं असतं, ते त्यांना लगेच जमलं. मधेच थांबून त्या चहूकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बघा राव, लपायला जागाच न्हाई कुनाला!" आमचा वाटाड्या दोर्जे काठीने बर्फ ठोकून आवाज ऐकत पुढे जायचा. त्याने हात जोडून सांगितलं, "दीदी, थोडा चुप. बर्फ को सुनना है." मंगलताई गप्प झाल्या. त्यांना गप्प चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, तिथपासून मला भीती वाटायला लागली. कारण आता मलाही ऐकू यायला लागलं. पायाखाली, खोल, जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसं काहीतरी करकरत होतं.

दुसऱ्या दिवशी काठावरच्या भुसभुशीत बर्फात दोर्जेने कौतुकाने बिबट्याच्या पंजांचे ठसे दाखवले. गोल, मोठे, ताजे. मंगलताईंचा चेहरा राखेसारखा झाला. "तुमी माझ्या मागं ऱ्हावा बाई," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या मागे चालले आणि माझ्या मागे कोण आहे ते बघायला सारखी वळत राहिले. मागे आमच्याच गटातले दोघे पुरुष होते, तरी वळत राहिले. भीती अशी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर येते.

पुढे एका वळणावर कडा नदीवर झुकला होता. मधला बर्फ फुटून काळं पाणी वाहत होतं, आणि कड्याच्या पोटाखाली बर्फाची अरुंद पट्टी उरली होती. तिच्यावरून पोटावर सरपटतच जायचं. दोर्जे पलीकडे पोचला. मंगलताई पट्टीपाशी येऊन ताठ उभ्या राहिल्या.

"मी नाय वाकायची. मला माघारी न्या."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी मी आधी सरपटत पलीकडे गेले, आणि काही होत नाही हे दाखवायला तशीच त्यांच्याकडे तोंड करून परत निघाले. निम्म्यावर आले असेन. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला आणि माझ्या कमरेखालचा बर्फ गेला. ते पाणी गार नव्हतं, भाजत होतं. पाय प्रवाहाबरोबर बर्फाखाली ओढले जायला लागले. खडकातल्या एका फटीत माझी बोटं अडकली होती, त्यावर मी टिकून होते. माझ्यामागची पट्टी तुटल्यामुळे दोर्जेला येता येईना. तो ओरडत होता, "दीदी, लेट जाओ! पेट के बल!" समोर फक्त मंगलताई होत्या. उभ्या.

मला वाटलं, संपलं. या बाई खाली वाकणार नाहीत.

त्यांनी डोळे गच्च मिटले. गुडघे टेकले, मग हात, मग अख्खं अंग बर्फावर टाकलं. आणि उसात शिरताना घालतात तशा आरोळ्या ठोकत त्या माझ्याकडे सरपटायला लागल्या. "हुर्र! हो! सरक! सरक म्हन्ते ना!" मागच्या दोघांनी त्यांचे पाय धरले. त्यांचा हात माझ्या जॅकेटच्या गळ्याला लागला, मूठ आवळली गेली. चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ, डोळे अजून मिटलेले.

"बाई, माझ्या मागं बघा. पाठीवर कोन हाय का?"

मी बुडत होते, दात वाजत होते, पण मी मान वर करून त्यांच्या पाठीवरून, पाय धरलेल्या दोघांच्याही पलीकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"कुणी नाही ताई. नुसतं आभाळ आहे."

"बघत ऱ्हावा," त्या म्हणाल्या, आणि ओढलं.

पुढचं मला तुटक आठवतं. काठावरच्या गुहेत शेकोटी, माझे ओले कपडे भराभर ओढून काढणारे हात, आणि माझी पावलं स्वतःच्या पोटाशी धरून त्यांनी दिलेल्या शिव्या. "मला चालायला आनलं का मराया?" असं म्हणत त्या रडत होत्या. मीही रडले. दोर्जे वरच्या खडकावरून दोराने आला आणि आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

गावी आल्यावर मला वाटलं, आता त्यांची भीती मोडली असेल. कशाची मोडते! पाईपवालं खुरपं घेऊन त्या पुन्हा वाफ्यात उभ्या. फक्त एक झालं. शाळा सुटल्यावर मी शेताकडे गेले की त्या माझी वाटच बघत असायच्या. "आलात? मंग बसते जरा. तुमी हुब्या ऱ्हावा." मी त्यांच्या पाठीमागे उसाकडे तोंड करून उभी राहायचे आणि त्या मातीत ऐसपैस बसून, हाताने, एकेक काडी निवडत खुरपायच्या. किती सुरेख खुरपायच्या! एकही कांदा हलायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं. मी दुपारी गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडल्या होत्या, पाठ दाराकडे. दार उघडं होतं, अंगणापलीकडे हिरवागार ऊस उभा होता.

"बाई हायती का?"

"आहे ताई."

"मागं बघा."

मी दारात गेले. ऊस या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला.

"कुणी नाही ताई."

"बघत ऱ्हावा. निजते जरा."

मी दाराच्या चौकटीला धरून बाहेर तोंड करून उभी राहिले. उन्हं कलली, अंगणात सावल्या आल्या, तरी हलले नाही. मग त्यांच्या सुनेने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या गेल्या," ती म्हणाली. "बसा आता, बाई."