सांडव्यावरचा दगड

मसऊदाने सांडव्यावर दगड चढवले तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. वाळवंटाकाठच्या दहरच्या डोंगरात उन्हाळा सरता सरता सगळेच तसं करत आले होते. ओढ्यात आडवा मातीचा बांध, बांधामागे ऑलिव्हची झाडं, आणि जास्तीचं पाणी खालच्याला मिळावं म्हणून कडेला दगडी सांडवा. त्यावर गुपचूप एक थर चढवला की आपल्या झाडांना वीतभर पाणी जास्त. नवरा गेल्यापासून त्या झाडांवरच तिचं पोट होतं.

पण यंदा वरची गावं आणि खालचं शहर यांनी मिळून आराखडा केला होता. वरच्यांनी बांध राखायचे, सांडव्याची उंची ठरली तेवढीच ठेवायची. शहराने ओढ्याकाठी सिमेंट न ओतता खोलगट बाग करायची, म्हणजे पाणी तिथे पसरून मुरेल. सगळ्यांनी कुराणातली फातिहा पढून शब्द दिला होता, मसऊदानेही. त्या बागेला लागूनच तिच्या लेकीचं, नजलाचं, घर होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी पाऊस असा कोसळला की मसऊदा धावतच बांधावर गेली. पाणी माथ्याला टेकत आलं होतं. माती फुटली तर सगळं एकदम खाली जाणार, आणि खाली नजला. तिने फोन लावला.

"नजला, लेकराला घे आणि गच्चीवर जा."

"अगं आई, बागेत घोट्याएवढं तर पाणी आहे. सगळे बघायला जमलेत. तू उगाच घाबरतेस."

"जा म्हणते ना. माझ्या हातून पाप झालंय."

मग ती पाण्यात उतरली. स्वतःच चिखल लिंपून घट्ट बसवलेले दगड हलेनात. नखं तुटली. ती अल्लाचं नाव घेत होती आणि स्वतःला शिव्याही घालत होती. शेवटी एक दगड निसटला, मग बाकीचे. पाणी सांडव्यातून धावलं, बांध टिकला. ती चिखलातच बसून रडली.

पुढच्या बैठकीत नगरपालिकेच्या बाईंनी सगळ्यांचं कौतुक केलं. पाणी हळूहळू आलं, कोणाचा उंबरठाही भिजला नाही, सगळ्यांनी शब्द पाळला, असं त्या म्हणाल्या. मसऊदाने हात शालीत लपवले होते. पण चहा आला आणि पेला घ्यायला हात बाहेर काढावाच लागला. शेजारी तिचा दीर बेलगासम होता, तिच्या बरोबर वरच्या बांधाचा मालक. त्याचीही नखं काळीनिळी. त्याच्या पलीकडच्या म्हाताऱ्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"भावजी, तुम्हीसुद्धा?" ती पुटपुटली.

"चहा घे, वहिनी. निवतोय."

तिने एकेकाच्या हातांकडे पाहिलं; बहुतेकांची बोटं तशीच होती. एवढ्यांपैकी एकाचा जरी त्या दुपारी पाय घसरला असता तर? एखादा तापाने अंथरुणात असता तर? वरचा एक बांध फुटला असता, तर खालचे सगळे ओळीने गेले असते. ती उठून उभी राहिली.

"माझ्या सांडव्यावर दगड होते," ती म्हणाली. "आता मला माझ्यापेक्षा तुमच्या सांडव्यांची भीती वाटते."

"कसले दगड?" बाईंनी हसतच विचारलं.

सगळे पेल्यात बघत राहिले.