लाभाची पायली

१० एप्रिल १९७४. वर्षाचे गहू कोठीत भरायचे होते. ऊन दाखवून झालं होतं, एरंडेलही चोळून झालं होतं.

मी तेव्हा चौथीला शिकवत होते आणि घरची मुलगी पहिलीतच अडकायच्या बेतात होती. शंभरपर्यंत आकडे ती एका श्वासात म्हणायची. पण समोर दहा चमचे ठेवले की कधी आठ भरायचे, कधी तेरा. तिच्या वर्गाच्या बाई माझ्याच शाळेतल्या. त्यांनी बजावलं होतं, उद्या तोंडी परीक्षेत वस्तू मोजता आल्या नाहीत तर पुन्हा पहिली. माझी मुलगी म्हणून सूट नाही. मी मागणारही नव्हते.

म्हणून तिला कोठीपाशी बसवलं. सासूबाई पायलीने गहू मोजून ओतणार आणि तिने दर पायलीला एक चिंचोका ताटलीत टाकायचा. सासूबाईंच्या मते गणित मार खाऊन येतं, त्यांच्या मुलाला तसंच आलं. त्यांच्या मुलाचं गणित मी बारा वर्षं पाहत होते.

सासूबाईंनी चोवीस म्हणून शेवटची पायली ओतली. ताटलीत चिंचोके तेवीस. मी दोनदा मोजले.

"काहून वं, एक पायली कुठी गेली?" सासूबाईंनी नातीला विचारलं.

"पहिली त लाभाची होती न, आजी. ते देवाची. मी नाही मोजली."

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. हे तिला आधी सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, पोरीचं बरोबर हाये. तुमचंच एक चुकलं," सासूबाई म्हणाल्या आणि कोठीत कडुनिंबाचा पाला टाकायला लागल्या.

मी मुलीला समजावलं, लाभ म्हणजेच एक. तिला ते फारच पटलं. संध्याकाळपर्यंत चपला, वाट्या, पोळ्या, सगळं लाभापासून सुरू. पाचातून चार गेले तर किती, विचारलं. "लाभ." परीक्षेत हे उत्तर चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाचे गहू काढायला तिलाच पायली दिली आणि नियम घालून दिला: कोठीत भरताना लाभ, काढताना एक. तिने एक, दोन, तीन पायल्या काढल्या, तीन चिंचोके टाकले. मग आम्ही शाळेत गेलो.

बाईंनी खडूंचं खोकं तिच्यापुढे सरकवलं आणि नऊ खडू मोजायला सांगितले. तिने खोक्यात हात घातला आणि थांबली.

"बाई, भराचे हायेत का काढाचे?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. सूट मागायची नाही हे मला पाठ होतं, पण हा प्रश्न माझ्याच घरचा होता. मी दारातून "काढायचे" एवढं सांगितलं आणि माझ्या वर्गावर गेले.

ती दुसरीत गेली.