बाबा लवकर येतील
बुटांच्या काळ्या पॉलिशचा वास आला की मला भिलाईतल्या आमच्या क्वार्टरचा व्हरांडा आठवतो. सकाळी प्लांटला निघण्याआधी बाबा तिथे बसून सेफ्टी शूज चमकवायचे आणि हात चालू ठेवून मला इंग्रजी शिकवायचे. त्या दिवशी ‘मे’ चाललं होतं, म्हणजे अमुक केलं तर तमुक होऊ शकतं. दूध गॅसवर राहिलं तर उतू जाऊ शकतं, हे वाक्य त्यांचं. मग म्हणाले, “आता तुह्या मनानं एक बनव.” मी चटकन म्हटलं, “इफ बाबा गोज टू ड्यूटी, ही मे नॉट कम बॅक.” ब्रश थांबला. आमच्या घरात ड्यूटीवर निघताना ‘जातो’सुद्धा कोणी म्हणत नसे, ‘येतो’च म्हणायचं, आणि मी बाबा कदाचित परत येणार नाहीत असं बोलून बसले होते. डबा घेऊन आलेल्या आईला इंग्रजी येत नव्हतं. “काय म्हणून राहिली पोरगी?” तिनं विचारलं. बाबा लेस बांधत म्हणाले, “म्हणते, बाबा आज लवकर येतील.” आणि ‘येतो’ न म्हणताच त्यांनी स्कूटरला किक मारली. संध्याकाळी आईनं लवकरच चहा ठेवला, फाटकाची कडी काढून ठेवली. मी खिडकीतून हलले नाही. भोंगा झाला, शेजारच्यांच्या स्कूटरी आल्या, मग बाबाही आले, रोजच्याच वेळेला. पुढेही रोज आले, रिटायर झाले आणि घरच्याच पलंगावर झोपेत गेले. आई आता बरंच विसरते, पण संध्याकाळ झाली की फाटकाची कडी काढून ठेवते. मी लावायला गेले की म्हणते, “राहू दे. तूच म्हटलं होतं नं, बाबा लवकर येतील.”