पाण्यातली बस आणि मगरभाई

माझ्या घाबरटपणाचे किस्से आमच्या बिल्डिंगमध्ये चवीने सांगितले जातात. बाकीचे त्यात तिखटमीठ लावतात, म्हणून हा एक मीच सांगून टाकते. निदान मीठ तरी माझ्या हातचं.

सुरुवात झोपेपासून करू. म्हणजे न आलेल्या झोपेपासून. दुसऱ्या दिवशी ओवीची सहल होती, दुधनीला. ओवी माझी मुलगी, सिनियर केजीत. आणि दुधनीला काय आहे? मधुबन धरणाचं पाणी. पाण्यात बोटी. टीचरनी सांगितलं होतं की मुलांना बोटीत बसवणार नाही, लांबूनच दाखवू. मी विचारलं, लांबून म्हणजे किती लांबून? त्यावर टीचरनी फोन ठेवण्याआधी जो श्वास सोडला, तो मला स्पष्ट ऐकू आला.

दुसरी काळजी ऑफिसची. आमलीतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. आम्ही एक ॲप बनवत होतो, मुलांची शाळेची बस आईबाबांना फोनवर दिसावी म्हणून. त्यातला गेटवे माझ्याकडे होता. गेटवे म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन समजा. येणाऱ्याला आधी विचारायचं, तू कोण? ओळख पटली की सांगायचं, बी विंग डावीकडे. फोनवरून आलेली प्रत्येक विचारणा आधी याच्याकडे येते, मग तो ती आतल्या योग्य मशीनकडे धाडतो. दोनच कामं.

आता मला सांगा, माझ्यासारखीच्या हातात वॉचमन दिला तर ती कुठल्या कामावर अडून बसेल?

अख्खा आठवडा मी ‘तू कोण’वरच घालवला. लेकरांची बस कुठे आहे ते भलत्याच माणसाला कळलं तर? कुलपावर कुलूप लावलं. आत येणाऱ्याला टोकन दिलं, तेही थोड्या वेळाने मरणारं. मेलं की नवीन घ्या. माझ्या शेजारी बसणारी हेतल वैतागून म्हणाली, “अरे यार, बस देखनी है, तिजोरी नहीं खोलनी है.”

ॲप तपासायला आम्ही वेगळ्या मशीनवर एक खोटी बस केली होती, आणि ती अशा जागी उभी केली होती की कुणालाही खरी वाटू नये. तपासणी झाली की गेटवेचा रस्ता खोट्या बसवरून खऱ्या बसकडे वळवायचा, एवढं काम उरलं होतं. सोमवारी ॲप सगळ्या पालकांना मिळणार होतं. तोवर ते फक्त माझ्या आणि हेतलच्या फोनवर.

घरीही माझा कारभार असाच आहे. ओवीला शिकवून ठेवलंय, कुणीही न्यायला आलं तर आधी पासवर्ड विचारायचा. अगदी मी आले तरी. पासवर्ड होता ‘कारलं’. पण आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, तो भर लिफ्टमध्ये मोठ्याने म्हणून दाखवला. झालं, पासवर्ड फुटला. म्हणून सकाळी बसमध्ये चढवताना मी तिच्या कानात नवा सांगितला, ‘दोडका’.

“आई, मला माहितीये तू कोण आहेस ते,” ती म्हणाली.

“तरी विचारायचं.”

ऑफिसात पोचले. हेतल सुट्टीवर होती, वापीला बहिणीचा साखरपुडा. धीर धरला, धरला, आणि जेवणाच्या आधी ॲप उघडलंच. वॉचमनने ओळख विचारली, टोकन तपासलं, आत सोडलं. काय बंदोबस्त, म्हणून मी स्वतःवरच खूश.

मग नकाशा उघडला. निळा. सगळाच निळा. आणि त्या निळ्याच्या मधोमध एक पिवळी बस.

बंद करून पुन्हा उघडलं. बस तिथेच. हलतही नव्हती. पाण्यातली बस हलत नाही, याचा अर्थ काय होतो ते माझ्या डोक्याने मला लगेच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, बाई, आधी तपासायचं तरी. तपासलं ना. माझी सगळी कुलपं तपासली. एकूण एक शाबूत. कुणी परका शिरलेला नाही. म्हणजे दिसतंय ते खरंच असणार. असा हिशोब मी मांडला, इंजिनियरिंगची डिग्री घरात भिंतीवर टांगलेली असताना.

टीचरचा फोन लागेना. खानवेलच्या पुढे डोंगरात रेंज मध्येमध्ये जाते, हे मला ठाऊक आहे. पण अशा वेळी ठाऊक असलेलं काही कामाला येत नाही. मी पालकांच्या ग्रुपवर अगदी जपून लिहिलं, ‘बसची काही खबर आहे का कुणाला?’ कुणीतरी विचारलं, का, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाण्याजवळ दिसतेय. पुढच्याने लिहिलं, पाण्यात? त्याच्या पुढच्याने प्रश्नचिन्हसुद्धा काढून टाकलं.

खाली आले तर ग्रुपवरचं वाचून जिग्नेशभाई गाडी घेऊन उभे. हे ओवीच्याच वर्गातल्या ध्यानीचे पप्पा, आमच्याच मजल्यावर राहतात. आमलीत हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं. मागच्या सीटवर दुकानातला नायलॉनचा दोर, अख्खं भेंडोळं. “बैठो भाभी,” एवढंच म्हणाले.

रस्त्यात ते मला समजावत होते की स्वतःला, कोण जाणे. “रमेशकाका वर्षोथी बस चलावे छे. एम पाणीमां न जाय.” इतक्या वर्षांचा ड्रायव्हर, तो बस अशी पाण्यात घालेल का, म्हणे.

मला मात्र ओवीचे नवे सँडल दिसत होते. बक्कल घट्ट बसणारे मीच हट्टाने घेतले होते, पायातून निसटू नयेत म्हणून. तिला ते स्वतःचे स्वतः काढता येत नाहीत. खानवेल आलं, गेलं, सागाची झाडं मागे पडत होती, आणि मी मनातल्या मनात ते एकच बक्कल पुन्हा पुन्हा सोडवत होते. ते काही सुटत नव्हतं.

दुधनीला वळलो. झाडाखाली बस उभी. कोरडी ठणठणीत. तिच्या सावलीत रमेशकाका पंचा अंथरून झोपलेले. पलीकडे मुलं रांगेत बसून पुरीभाजी खात होती.

मी दारातून उतरले नाही, ओघळले.

आमच्या मागून पालकांच्या आणखी गाड्या येऊन थांबल्या. कुणाचे आजोबा पोहण्याची ट्यूब काखेत घेऊन उतरले. जिग्नेशभाई खांद्यावर दोर घेऊन उभे. एकदा बसकडे बघत, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, फोन दाखवा. मी दाखवला. फोनवर बस अजून पाण्यातच होती. त्यांनी त्या बसवर अंगठा टेकवला, तशी खाली माहितीची पट्टी उघडली. त्यांनी ती वाचली.

“भाभी, ये ड्राइवर का नाम मगरभाई लिखा है.”

मगरभाई.

ते नाव मीच टाकलं होतं. खोटी बस कुठे ठेवावी यावर हेतलला मी म्हटलं होतं, मधुबनच्या भर पाण्यात ठेवू, कुठल्या मूर्खाला खरी वाटेल? मग पाण्यातल्या बसला ड्रायव्हर म्हणून मगरभाई, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. कुलपांच्या नादात रस्ता खऱ्या बसकडे वळवायचा राहूनच गेला. माझा वॉचमन ओळख अगदी चोख विचारत होता, आणि मग ज्याला त्याला थेट धरणात पाठवत होता.

तेवढ्यात टीचर आल्या. तोच श्वास सोडला, या वेळी फोनशिवाय. इतक्या लोकांसमोर मला काहीतरी कारण हवं होतं. म्हटलं, ओवीला घेऊन जाते, तिला बरं नव्हतं सकाळी.

ओवी आली. हातात पुरी, पायात सँडल, दोन्ही बक्कलं घट्ट. माझे डोळे भरून आले, मी हात पसरले. ती चार हात लांबच थांबली.

“पासवर्ड?”

“कारलं,” मी म्हटलं.

“तो जुना.”

सगळे पालक बघत होते. आजोबा ट्यूबसकट बघत होते. मी डोकं खाजवलं, डोळे मिटले, सकाळची बस आठवली.

“दोडका.”

ओवीने मान डोलावली. पुरीचा घास संपवला. मग टीचरकडे वळून म्हणाली, “टीचर, आई खरी आहे. पण ती चुकीच्या ठिकाणी आलीये. तिला घरी पाठवा.”