गिलावा नसलेलं नाट्यगृह
ओल्या गंजाचा वास आला की आमच्या किनाऱ्यावरचं ते भिकार नाट्यगृह आठवतं आणि तोंड कडू होतं. त्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी तिथे नवा सुपरवायझर होतो आणि माझे बाबा तिथेच कुंपणाला चिरे लावत होते. मुंबईच्या आर्किटेक्टने समुद्राकडे पंख्यासारखं उघडणारं छप्पर आखलं होतं; ते पातळच हवं आणि काँक्रीट उघडंच राहायला हवं, हा त्याचा हट्ट. एका दुपारी तो मला स्वतःच्याच भिंतींचं कौतुक ऐकवत होता, तेवढ्यात बाबा थापी हातात घेऊन पुढे आले. "साहेबानू, खारो वारो लोखंड खाता. वरसून जाड गिलावो होयो." तो हसला आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "यांना सांगा, आपण गोठा बांधत नाही आहोत." बाबांशी मी जन्मात मालवणीशिवाय बोललो नव्हतो. तिथे मात्र शाळेतल्यासारखं शुद्ध बोललो, "आपण मध्ये बोलू नका. आपलं काम करा." बाबांनी थापी पुसली, "बरा, साहेब," म्हणाले आणि चिऱ्यांकडे गेले. पुढे मरेपर्यंत घरातही त्यांनी मला साहेबच म्हटलं. आता त्या छपरातून सळ्या बाहेर आल्यात, भिंतींवर तांबडे ओघळ उतरलेत, दाराला कुलूप आहे. परवा चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "त्या वेळी कुणीच सांगितलं नव्हतं का?" मी तशाच शुद्ध मराठीत म्हणालो, "नाही, साहेब."